विचारा बिनधास्त: गळ, तंबू आणि धरणाचं पाणी

दिवाळी संपली, थंडी पडायला लागली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो, किल्ले मागं पडतात आणि धरणं सुरू होतात. पाऊस उघडलेला, धरणं काठोकाठ, डोंगर अजून थोडे हिरवे आणि ऑफिसच्या उरलेल्या सुट्ट्या कशातरी संपवायच्या, त्यामुळं मागच्या अंकात आम्ही "धरणावर जायचंय? काय विचारायचंय ते विचारा" एवढंच छापलं आणि ढीगभर प्रश्न आले. सगळे घेता आले नाहीत, सारखे सारखे होते ते एकत्र केलेत. "पवनेला स्वस्तात मस्त कॅम्प कुठला" असं ज्यांनी ज्यांनी विचारलंय त्यांनी रागावू नका, कॅम्पवाल्यांची नावं इथं देत नाही.

प्रश्न: दादा, मी वाकडला राहतो, आयटीत आहे. पोरगं नऊ वर्षांचं, यूट्यूब बघून बघून त्याला मासे पकडायचं वेड लागलंय. ऑनलाइन रॉड आणि रीळ मागवलंय. लायसन लागतं का? आणि पुण्याजवळ नेऊ कुठं?

उत्तर: भाऊ, लायसनपेक्षा आधी मासे कुणाचे ते समजून घ्या. धरण जलसंपदा खात्याचं असतं, पण त्यातली मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत ठेक्यानं दिलेली असते, बहुतेक ठिकाणी तिथल्याच मच्छीमार सोसायटीला. ही सोसायटी ठेक्याचे पैसे भरते, वर कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून पाण्यात सोडते आणि ती मोठी व्हायची वाट बघत बसते. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा कटला आपोआप आलेला नाही, कुणीतरी पैसे मोजून सोडलेला आहे. त्यामुळं काठावरच्या गावात पोचलात की पहिल्या चहाच्या टपरीवर विचारायचं, "सोसायटीचं कोण भेटेल का, पोराला जरा गळ टाकायचाय." हौसेनं काठी घेऊन बसणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, कुठं थोडे पैसे घेतात, कुठं "मोठा लागला तर आम्हाला द्या" म्हणून हसून सोडून देतात. न विचारता थेट त्यांच्या जाळ्याशेजारी बसलात तर मात्र बोलणी खावी लागतील आणि ती खायलाच पाहिजेत.

दोन ठिकाणी जास्त सांभाळून. लोणावळा-मुळशीकडची वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी ही धरणं टाटांची आहेत, तिथं कंपनीची परवानगी पाहिजे. आणि कोयनेचा शिवसागर किंवा पैठणचा नाथसागर असल्या अभयारण्यातल्या पाण्यावर वनखात्याला विचारल्याशिवाय गळ काढूच नका.

जागा म्हणाल तर पानशेत, वरसगावचं बॅकवॉटर किंवा भोरकडं भाटघर. पोराला घेऊन बसताना दगडी पिचिंग असतं तिथं बसू नका, शेवाळावरून पाय सटकला की सरळ खोल पाणी. हळूहळू उतरत जाणारा काठ शोधा, गुरं पाण्यावर येतात ती जागा बहुतेक तशीच असते.

आता रॉडबद्दल. तो राहू दे गाडीत. नऊ वर्षांच्या पोराला रीळ दिलं तर अर्धा दिवस दोरा सोडवण्यात जातो आणि बापाचा पारा चढतो. एक बांबूची काठी घ्या, तेवढ्याच लांबीचं तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), लहानात लहान गळ, वितभर वर शिशाचा मणी आणि थर्माकोलच्या तुकड्याचा तरंगा. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची वाटाण्याएवढी गोळी. काठाजवळ चिलापी हमखास असते आणि ती पोरांची मैत्रीणच, विचार न करता तोंड घालते. फक्त लागली की पोराला एकदम धरू देऊ नका. चिलापीच्या पाठीवर काट्यांची रांग असते, ती ताठ करते आणि तळहात फोडते. तळहात डोक्याकडून शेपटीकडं फिरवत नेला की काटे आडवे पडतात, मग मूठ आवळायची आणि छोट्या पक्कडीनं गळ आला तसाच मागं काढायचा. शिंगाळा लागला तर पोराला हात लावू देऊ नकाच, त्याच्या दोन्ही कल्ल्यांमागचे काटे लागले की हात तासन्‌तास ठणकतो.

प्रश्न: मी इंदापूरचा. आजोबा भीमेवर गळ टाकायचे, कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. मी चांगला महागातला रॉड, प्लॅस्टिकचे मासे, चमचे, सगळं घेतलंय, उजनीवर पहाटेपासून बसतो आणि काहीच लागत नाही. चुकतंय काय?

उत्तर: प्लॅस्टिकचा मासा दुसरा मासा खाणारा मासाच धरतो. म्हणजे मरळ, आणि नशीब असेल तर एखादा मोठा शिंगाळा. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस ही सगळी मंडळी त्यातली नाहीत, त्यांच्या नाकासमोरून तुमचा चमचा चमकत गेला तरी ती ढुंकून बघणार नाहीत. मरळ पाहिजे असेल तर उघड्या पाण्यात फेकू नका, पाणवनस्पती आणि बुडालेल्या बाभळी आहेत त्या कडेला जा, मरळ वरची हवा घ्यायला अधूनमधून पृष्ठभागावर येते, तो बुडबुडा बघायचा आणि त्याच्या थोडं पुढं टाकून ओढायचं.

बाकीच्यांसाठी आजोबांचंच खरं. शेंगदाण्याची पेंड भिजवायची, त्यात कणीक, थोडा गूळ, आणि गोळा गळावर टिकावा म्हणून कापसाचे धागे पिंजून मळायचे. हा कापूस फार महत्त्वाचा, नाहीतर पहिल्या फेकीला गोळा एकीकडं आणि गळ एकीकडं. कटला वरच्या-मधल्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ आणि सायप्रिनस तळाला चिखल उकरत. त्यामुळं तरंगा किती वर बांधलाय यावर कोण लागणार ते ठरतं आणि तुम्ही बहुतेक तो एकदा बांधलाय तो बांधलाय.

पहाटेचं म्हणाल तर उन्हाळ्यात पहाट बरोबर, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं पाणी गार असतं आणि मासे सुस्त, अशा वेळी दहानंतर उथळ पाणी जरा तापलं की हालचाल सुरू होते. वारा ज्या काठाला येऊन लागतो तिकडं बसायचं, तोंडावर वारा येतो, फेकायला त्रास होतो, पण खाणंही वाहत तिकडंच येतं. आणि उजनीवाल्यांनी एक गोष्ट पेपरात बघायची, कॅनॉलला आवर्तन सुटलंय का. पाणी रोज उतरत असलं की मासा काठ सोडून आत सरकतो, कालची जागा आज कोरडी. अशा दिवसात शेंगा खाव्यात आणि घरी यावं.

प्रश्न: आम्ही चौघी मैत्रिणी, पस्तिशीच्या आसपास, सगळ्या डोंबिवली-ठाण्याच्या. पवनेला गेलो होतो. तंबू छान, तलाव छान, पण रात्री दोनपर्यंत तीन बाजूंनी तीन डीजे. शांत असं काही उरलंय का? आणि बायका-बायकांनी जाणं कितपत बरं?

उत्तर: ताई, शनिवारी रात्री पवनेला शांतता शोधणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपास पाळणं. त्याच पवनेला मंगळवारी जाऊन बघा, लोहगड, तुंग, तिकोना अंगावर येतील असे दिसतात आणि आवाज फक्त टिटवीचा. पण सुट्टी मंगळवारी मिळत नाही हेही खरं.

मुंबईकडून घोटीमार्गे भंडारदरा बघा. 1926 साली पूर्ण झालेलं प्रवरेवरचं धरण, मागं कळसूबाई, रतनगड, आणि तलावाच्या टोकाला रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे, त्यावरच्या गावांमधून स्थानिक लोकांनी तंबू लावलेत, आणि मुख्य गर्दी धरणाच्या भिंतीजवळ असते, तिथून जितकं आत जाल तितकं शांत. एमटीडीसीचं रिसॉर्टही आहे, तंबू नको असेल तर. फक्त मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी झुंबड उडते, तेव्हा शांततेच्या आशेनं जाऊ नका आणि गेलात तर टॉर्च, हेडलाइट बंद ठेवा, काजव्यांचा सगळा कारभार उजेडावर चालतो, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही.

चौघींनी जाण्याबद्दल. माळावरचा एकटा तंबू नको, गावातल्या कुटुंबाच्या अंगणात किंवा शेतात लावलेला तंबू बघा जिथं घरातल्या बायकाच स्वयंपाक करतात. फोनवर बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: संडास-बाथरूम पक्कं आहे का आणि तंबूपासून किती लांब, रात्री तिथं घरचं कोण झोपतं, आणि शेजारी अजून कुणाचा ग्रुप आहे. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा जरा घुटमळला तर दुसरीकडं फोन लावा. पोचायचं उजेड असताना. नेटवर्क धरणाकाठी येतं-जातं, घरी आधी सांगून ठेवा.

आणि थंडीत एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. कोळशाची शेगडी तंबूत घेऊन झोपू नका, विझत आलेलीसुद्धा नको. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दोन जास्तीची ब्लँकेट मागा, लाजू नका. तंबूची चेन कायम लावलेली ठेवा, बूट आत, कारण मण्यार रात्रीच फिरते, उबेला येते आणि चावली तरी कधीकधी कळतही नाही. शंका जरी आली तरी 108 ला फोन आणि सरकारी दवाखाना, मांत्रिक नाही आणि सकाळ होण्याची वाट बघणंही नाही.

प्रश्न: माझे मिस्टर कॉलेजात स्विमिंग चॅम्पियन होते. धरणावर गेलो की त्यांना आवरत नाही. मी भांडते तर म्हणतात मी घाबरट. तुम्हीच सांगा. (सातारा)

उत्तर: वहिनी, त्यांना हे वाचून दाखवा. स्विमिंग टँकचा तळ सपाट असतो आणि दिसतो. धरणाच्या पाण्याखाली बुडालेली शेतं आहेत, बांध, विहिरी, बाभळीचे बुंधे, आणि गाळ. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला जावं आणि पाय मांडीपर्यंत रुतावा, तो काढायला दुसरा पाय रेटावा की तोही रुततो, इथं पोहता येणं काही कामाचं नाही. वर सोसायटीची जाळी लावलेली असतात, नायलॉनची, पाण्यात दिसत नाहीत, पायात अडकली की हात मारून सुटत नाहीत. आणि थोडं आत गेलं की वरचं वीतभर पाणी कोमट आणि खाली एकदम बर्फ, त्यानं पेटके येतात. धरणात बुडालेल्यांत पोहता येणारे बरेच असतात, कारण पोहता न येणारा आत जात नाही.

भिंतीच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात तर अजिबातच नाही. विसर्ग सोडतात तेव्हा भोंगा वाजतो, पण पात्रातल्या खडकावर गाणी लावून बसलेल्यांना तो ऐकू जाईलच असं नाही. पेपरात "पाच हजार क्युसेक" लिहून येतं ते काय असतं माहितीये का, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरहून जास्त, करा गुणाकार, सेकंदाला जवळजवळ दीड लाख लिटर. पावसाळ्यातल्या धबधब्याचंही तेच. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आधी घोट्याएवढं पाणी होतं आणि वरून लोंढा आला.

बोटीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट घालून, हातात धरून नाही. आणि मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरलं की बोट नको. 2024 च्या मे महिन्यात उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले, आणि ती रोजच्या ये-जा करणाऱ्यांची बोट होती, टूरिस्टांची नव्हती. मासे धरणाऱ्यांनीही वळवाच्या दिवसात गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून काठावरून उठायचं, कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

मिस्टरांना काठावर बसून पाय भिजवू द्या. घाबरट म्हणाले तर म्हणू द्या.

प्रश्न: प्रश्न नाही, तक्रार आहे. मी धरणाकाठच्या गावचा आहे, आमची जमीन धरणात गेली, राहिलेल्या तुकड्यावर भात करतो. पुण्या-मुंबईचे लोक येतात, बांधावर गाड्या लावतात, दारूच्या बाटल्या वावरात फोडतात. परवा भात कापताना आमच्या कारभारणीच्या पायात काच गेली. कॅम्पवाल्यांना सांगितलं तर म्हणतात आमचे कस्टमर नव्हते. वरून काही बहाद्दर जिलेटीन लावून मासे मारतात.

उत्तर: दादा, तुमचं पत्र सगळ्यात वर छापायला पाहिजे होतं. धरण म्हणलं की शहरातल्या माणसाला व्ह्यू दिसतो, त्याखाली गाव होतं हे कोण सांगत नाही. मुळशीला 1921 साली सेनापती बापटांबरोबर शेतकरी सत्याग्रहाला बसले ते याच जमिनीसाठी, आणि आज त्याच काठावर लोक रील बनवतात. बनवा, कुणाची ना नाही, पण वावर कुणाचं आहे ते तरी विचारा. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जी मऊ सपाट जमीन उघडी पडते आणि गाडी न्यायचा मोह होतो, ती बऱ्याच ठिकाणी गाळपेरीला दिलेली असते, तिथं काकडी, कलिंगडं, भुईमूग पेरलेला असतो, टायर फिरवायला मोकळं मैदान नाही ते.

जिलेटीनबद्दल सरळ पोलिसात जा. स्फोटकं लावून किंवा विष टाकून मासे मारणं 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. एका स्फोटात पिल्लांपासून सगळं मरतं आणि त्यातलं निम्मं तळाला बसतं, मारणाऱ्याच्याही हाती लागत नाही. सोसायटीचं नुकसान असल्यामुळं तक्रार सोसायटीच्या नावानं, लेखी, मत्स्यव्यवसाय खात्यालाही प्रत देऊन करा, एकट्याच्या तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. काचेबद्दल ग्रामपंचायतीत ठराव घ्या की कॅम्पवाल्यानं काचेची बाटली आत येऊ द्यायची नाही आणि कचऱ्याची अनामत घ्यायची. वाचकांनो, तुम्हीही बुकिंग करताना अनामत मागितली तर कुरकुर करू नका.

प्रश्न: लोणावळ्याजवळ एका ओढ्याच्या तोंडाशी गळाला भलतंच काहीतरी लागलं. सोनेरी, रुपयापेक्षा मोठे खवले, जाड ओठ, मिशा. गावातला म्हातारा म्हणाला सोड, देवाचा मासा आहे. सोडला, पण होता काय?

उत्तर: महसीर, आपल्याकडं खडची म्हणतात. म्हाताऱ्याला नमस्कार सांगा. हा वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यातला मासा, पावसाळ्यात अंडी घालायला वर चढतो आणि आपण वाटेत धरण बांधून ठेवतो, त्यामुळं बऱ्याच नद्यांतून तो कमी झाला. लोणावळ्यालाच वळवणला टाटांचं महसीर पैदास केंद्र 1970 च्या दशकापासून चालू आहे, तिथली पिल्लं ठिकठिकाणी सोडली गेलीत. आणि महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला वरदायिनीच्या देवळाशी जा एकदा, डोहात हे मासे माणसाला न भिता काठाशी येतात, चुरमुरे खातात, कोणी पकडत नाही. कायद्यानं जे जमत नाही ते देवीनं केलंय.

परत लागला तर हात ओले करून धरा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी लागते. फोटो एक. पाण्यात तोंड प्रवाहाकडं करून धरून ठेवा, तो स्वतः शेपटी मारून हातातून सुटला की झालं, फेकू नका.

प्रश्न: जूनमध्ये पहिल्या पावसात आमच्याकडं लोक रात्री बत्त्या घेऊन वलगणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे धरायला जातात, मजा येते. शहरातल्या मित्रांना बोलवू का?

उत्तर: नका बोलवू. चढणीचा मासा पोटात अंडी घेऊन चढत असतो, एक मादी म्हणजे हजारो पिल्लं. गावातले चार लोक पिढ्यान्‌पिढ्या एका वेळच्या कालवणापुरते धरत आलेत ती गोष्ट वेगळी, दहा गाड्या भरून लोक आणि जनरेटरचे दिवे ही वेगळी. समुद्रावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते ती याच कारणानं. मित्रांना नोव्हेंबरात बोलवा.

प्रश्न: भिंतीवरून ड्रोन उडवून धरणाचा व्हिडिओ काढायचाय, सुरक्षारक्षक ओळखीचा आहे.

उत्तर: त्याची नोकरी जाईल. भिंत, दरवाजे, वीजगृह हा प्रतिबंधित भाग असतो, लेखी परवानगीशिवाय ड्रोन नाही.

प्रश्न: आम्ही दोघं, साठीच्या पुढं. मासे धरायचे नाहीत, नाचायचं नाही, तंबूत झोपलं तर गुडघे सकाळी उठू देत नाहीत. नुसतं पाण्याकडं बघत बसायचंय. पुण्यापासून फार लांब नको. चहा मिळाला पाहिजे.

उत्तर: काका, काकू, तुमचा प्रश्न आम्हाला सगळ्यात आवडला. तुमच्यासाठी उजनीचं भिगवण, डिकसळ, कुंभारगाव. सोलापूर हायवेनं साधारण शंभर किलोमीटर, रस्ता चांगला, गावात घरगुती राहायची सोय आहे, खाट मिळते. हिवाळ्यात ते थेट उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी असतात, ते बघायला लोक येतात, पण खरी गंमत मला विचाराल तर सकाळी मच्छीमारांच्या होड्या काठाला लागतात तेव्हा असते, होडीभोवती बगळे, घारी, कुत्री सगळी हजर आणि मालक कुणाकडंच बघत नाही. भिगवणच्या बाजारात मासळीचा लिलाव चालतो तोही बघा, भाव एवढ्या पटापट पुकारतात की काय ठरलं ते घेणाऱ्यालाच कळतं.

मे महिन्यात जमलं तर भाटघरच्या बॅकवॉटरला वेळवंडला जा, पाणी उतरल्यावर कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, बाकी वर्षभर पाण्याखाली. उजनीतलं पळसदेवचं देऊळ आणि पवनेतलं वाघेश्वराचंही तसंच. फक्त ऊन फार, सकाळी नऊच्या आत बघून या, आणि गाळातून चालत जायचा हट्ट करू नका, वाळलेला दिसतो तो वरूनच.

प्रश्न: आम्ही मासे धरतो, धरणावरच चुलीवर करतो, पण चिलापी आणि सायप्रिनसला चिखलाचा वास मारतो. बायको म्हणते परत आणू नका. उपाय? (बारामती)

उत्तर: वास चिखलाचा नसतो. पाण्यातलं शेवाळ आणि सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं एक द्रव्य तयार करतात, पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तोही त्याचाच, तिकडं आपण त्यावर कविता करतो आणि इकडं ताट सरकवतो. ते माशाच्या कातडीत आणि चरबीत साठतं. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं, पाणी हिरवंगार होतं, त्यामुळं तिथं हा वास जास्त. त्या हिरव्या साचलेल्या कोपऱ्यातला मासा खाऊच नका, मोकळ्या, वाऱ्याच्या पाण्यातला घ्या.

आंबट पदार्थानं हे द्रव्य मोडतं, म्हणून आपल्या आज्या चिंच लावायच्या ते उगाच नाही. मासा धरल्या धरल्या पोट साफ करायचं, पोटाच्या आतलं काळं पातळ कातडं नखानं खरवडून काढायचं, हे बरेच जण ठेवतात आणि मग बोंब मारतात. सायप्रिनसचं कातडंही सोलून टाका, आणि पाठीच्या कडेनं जाणारी लालसर-काळपट मांसाची पट्टी सुरीनं कापून काढा, चरबी आणि वास तिथंच जास्त. मग मीठ, हळद आणि चिंचेचा दाट कोळ चोळून अर्धा तास ठेवायचं, धुवायचं, आणि परत नव्यानं मीठ, तिखट, आलं-लसूण लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. तेल चांगलं तापू द्या, चुलीवर घाई होते आणि मासा तव्याला धरतो.

रस्सा करायचा असेल तर चिलापी नकोच, शिंगाळा किंवा वाम घ्या, काटा कमी आणि वास नाही. सोसायटीवाल्याकडून विकत मिळतो, काठावर बाजारापेक्षा ताजा, आणि "आम्हीच धरला" असं घरी सांगितलं तर आम्ही काही बोलणार नाही. शिंगाळ्याचं डोकं मात्र टाकू नका, रश्श्याला चव त्यानंच येते.